साहित्य कोणाचे, हात कोणाचे?

मी आता अध्यापनातून निवृत्त झालो आहे. तरीही काही विद्यार्थी अधूनमधून घरी येतात, वाचलेले सांगतात, वाद घालतात. त्यांतल्या एकाने काही महिन्यांपूर्वी मला एक छायाचित्र दाखविले. लंडनच्या एका कलादालनात माणसापेक्षा उंच अशा जाडजूड तपकिरी फळ्या मांडलेल्या होत्या. "सर, या कशाच्या आहेत, ओळखा." मला ओळखता आले नाही. "माणसाच्या विष्ठेच्या," तो म्हणाला. "आपल्या दिल्ली-जयपूरमधून गोळा केलेल्या."

मी शिक्षकाच्या सवयीने व्याख्यान सुरू केले. विसाव्या शतकात कलावंतांनी रंग आणि संगमरवर सोडून वाटेल त्या वस्तूला हात कसा घातला, त्यामुळे कलेच्या सीमा कशा रुंदावल्या, वगैरे. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "ते ठीक आहे, सर. पण माझ्या आजीनं हेच पाटीतून डोक्यावर वाहिलं. तिला कुणी कलावंत म्हटलं नाही, ते राहू द्या. पण या फळ्यांपाशी तिच्यासारख्या कुणाचं नाव तरी लिहिलंय का?"

मी गप्प बसलो. त्या वेळी जे उत्तर देता आले नाही ते येथे देण्याचा प्रयत्न करतो आहे.

आपल्या भाषेत 'साहित्य' या शब्दाला दोन अर्थ आहेत. कथा-कविता हे साहित्य, आणि वीट-वाळू-चुना हेही साहित्यच. प्रस्थापित समीक्षेने पहिल्या अर्थाची पूजा केली आणि दुसरा अर्थ गवंड्यासाठी सोडून दिला. मला या दुसऱ्या अर्थाविषयी बोलायचे आहे. कलासमीक्षक जेव्हा 'अपारंपरिक साहित्य' किंवा 'अनोखे माध्यम' असे शब्द वापरतात, तेव्हा पहिला प्रश्न असा उभा राहतो की, अपारंपरिक कोणाला? अनोखे कोणाच्या डोळ्यांना?

माझा जन्म ढोरवाड्यात झाला. वडील कातडी कमावीत. कातडे चुन्याच्या पाण्यात भिजत घालायचे, केस सुटले की खरवडायचे, मग त्याची पिशवी शिवून तीत बाभळीची साल आणि हिरडा यांचे पाणी भरून ती टांगायची. पावसाळ्यात काय बिघडते, बोटाने दाबल्यावर कातडे कसे लागले म्हणजे ते 'झाले' म्हणायचे, हे सारे ज्ञान वडिलांच्या बोटांत होते. त्या कातड्याची मोट होई. मोटेचे पाणी गावच्या उसाला चाले, गव्हाला चाले, देवळामागच्या फुलझाडांनाही चाले. मोट ज्याच्या हातची, त्याच्या हातचे पाणी मात्र कोणाला चालत नसे.

जातिव्यवस्थेचा हा नियम नीट समजून घेतला पाहिजे. वस्तूने हात बदलला की वस्तू शुद्ध होते. हात मात्र जन्मभर अशुद्ध राहतो. कलादालनात अनेकदा हाच नियम चालू असतो, असे माझे म्हणणे आहे. ज्या वस्तूला शिवल्याबद्दल एका माणसाला गावाबाहेर ठेवले जाते, तिलाच शिवल्याबद्दल दुसऱ्या माणसाला धाडसी म्हटले जाते.

युरोपात ही वाट कशी तयार झाली ते थोडक्यात सांगतो. १९१२ मध्ये पिकासोने चित्रात वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड चिकटविले आणि चित्राला दोराची चौकट केली. १९१७ मध्ये मार्सेल द्युशाँने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी मुतारीचे चिनीमातीचे भांडे पाठविले. ते मांडले गेले नाही, पण पुढच्या शंभर वर्षांचा वाद त्याने सुरू करून दिला. १९६१ मध्ये पिएरो मान्झोनी या इटालियन कलावंताने स्वतःच्या विष्ठेचे म्हणून ९० डबे सीलबंद केले. प्रत्येकात ३० ग्रॅम, आणि किंमत तेवढ्याच वजनाच्या सोन्याची. मान्झोनीचा विनोद कलाबाजारावर होता आणि तो चांगला होता. कलावंताच्या देहातून निघाले म्हणून मळाचेही सोने होते, हे त्याने बाजाराच्या तोंडावर सांगितले. पण हा विनोद तेथेच विनोद राहू शकतो, जेथे मैला उचलणे कोणाच्या जन्माला बांधलेले नाही. आपल्याकडे तो उच्चारताच कोणाच्या तरी आजीच्या डोक्यावरची पाटी हलते.

आता त्या फळ्यांकडे येतो. त्या सान्तियागो सिएरा या स्पॅनिश कलावंताच्या आहेत. त्यांचे लांबलचक शीर्षक असे: 'सुलभ इंटरनॅशनल, भारत येथील लोकांनी मानवी विष्ठेपासून बनविलेले २१ मानवमितीय घटक'. प्रत्येक फळी २१५ सेंटीमीटर लांब, ७५ रुंद आणि २० जाड. दिल्ली आणि जयपूर येथे गोळा केलेला मैला तीन वर्षे ठेवून मातीसारखा होऊ दिला, त्यात फेविकॉल मिसळले आणि लाकडी साच्यांत तो वाळविला. २००७ च्या अखेरीस लंडनच्या लिसन गॅलरीत या फळ्या प्रदर्शित झाल्या.

सिएराच्या हेतूवर मी शंका घेत नाही. मजुरी म्हणजे माणसाचे शरीर विकत घेणे होय, हे तो वर्षानुवर्षे दाखवीत आला आहे. २००० साली स्पेनमध्ये त्याने चार स्त्रियांना मोबदला देऊन त्यांच्या पाठींवर एक सलग रेघ गोंदवून घेतली होती. ज्या व्यवस्थेवर बोट ठेवायचे तिचाच व्यवहार दालनात करून दाखवायचा, ही त्याची रीत. त्या फळ्यांतही त्याने निदान शीर्षकात सांगून टाकले की, हे भारतातल्या लोकांनी केले आहे. इतर अनेक कलावंत एवढेही सांगत नाहीत.

तरीही माझे तीन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप वस्तूविषयी. तीन वर्षांनी तो मैला मैला राहिलेला नाही. पावसात पाटीतून गळून मानेवर उतरणारा ओघळ, नखांत राहणारा वास, जेवताना घशाशी येणारी मळमळ, हे सारे त्यातून निघून गेले आहे. प्रेक्षकाला कल्पना मिळते, किळस मिळत नाही. मैला वाहण्याचा अनुभव म्हणजे ती किळस आणि तिच्याखाली दबलेला अपमान. तोच काढून टाकल्यावर उरली ती माती.

दुसरा आक्षेप हातांविषयी. शीर्षकात 'लोक' आहेत, कलावंत मात्र एकटा आणि नावानिशी आहे. फळ्यांचे माप माणसाचे आहे असे सांगितले जाते. पण कोणत्या माणसाचे? ज्यांनी त्या साच्यात भरल्या, त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा त्या मापात दिसत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे. या वस्तूचे काय करायचे, हे कोणी ठरविले? ज्यांना ती शतकानुशतके उचलावी लागली, त्यांना विचारले असते तर त्यांनी तिच्या फळ्या करायला सांगितल्या असत्या का? मैला वाहून नेण्यास बंदी घालणारा कायदा आपल्याकडे १९९३ मध्ये झाला आणि दुसरा, अधिक कडक, २०१३ मध्ये. त्यानंतरही गटारात गुदमरून माणसे मेली आहेत. त्या समाजाची या वस्तूविषयीची एकच मागणी आहे: आम्हांला तिच्यापासून सोडवा. सिएराने त्यांना पुन्हा तिच्यापाशीच उभे केले, या वेळी कलेसाठी.

मग असे साहित्य वापरूच नये काय? तसे मी म्हणत नाही. उलट या साहित्यातूनच मोठी कला झाली आहे. तिच्याकडे जायचे तर अमेरिकेत जावे लागते. तेथल्या काळ्या माणसांशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले होते, आणि १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी 'पँथर' हे नावच तिकडून घेतले. आपण त्यांच्या कविता वाचल्या, आत्मकथने वाचली. त्यांची शिल्पे पाहायची मात्र राहून गेली.

ऑगस्ट १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स या काळ्या वस्तीत उठाव झाला. पोलिसांनी एका तरुणाची गाडी अडविली, तेथून ठिणगी पडली. सहा दिवस वस्ती पेटलेली होती आणि ३४ माणसे मेली. त्याच वस्तीतल्या कलाकेंद्राचा संचालक नोआ प्युरिफॉय हा काळा शिल्पकार होता. अलाबामात जन्मलेला, समाजकार्याचे शिक्षण घेतलेला, नंतर कलाशाळेत शिकलेला. त्याने आणि त्याचा सहकारी जडसन पॉवेल याने राख निवायच्या आतच वस्तीतून सुमारे तीन टन मोडतोड गोळा केली. जळके लाकूड, वाकलेला पत्रा, दुकानांच्या पाट्या. निऑनच्या पाट्यांतले शिसे वितळून गोठले होते आणि त्याचे चमकदार थेंब रत्नांसारखे दिसत होते. सहा कलावंतांनी मिळून या साऱ्यांतून ६६ कलाकृती केल्या. त्या प्रदर्शनाचे नाव 'निऑनच्या ६६ खुणा'. १९६६ मध्ये ते पहिल्यांदा भरले ते वॉट्समधल्याच एका शाळेत; पुढे ते विद्यापीठांतून फिरले.

येथे साहित्य आणि हात यांचे नाते पाहा. जळलेली वस्ती त्यांची, राख त्यांची, ती उचलायची की नाही हा निर्णय त्यांचा. पहिला प्रेक्षकही तोच, ज्याच्या गल्लीतले ते लाकूड होते. सरकारच्या आणि वर्तमानपत्रांच्या लेखी ती मोडतोड म्हणजे दंगलखोरांच्या गुन्ह्याचा पुरावा. प्युरिफॉयने तोच पुरावा उचलून विचारले की, हे कशामुळे जळले? कलावस्तू हे साध्य नाही, तिच्या निमित्ताने माणसामाणसांत बोलणे सुरू व्हावे हे साध्य आहे, अशी त्याची भूमिका होती. त्या ६६ पैकी बहुतेक कलाकृती आज शिल्लक नाहीत. संग्रहालयाला याचे दुःख होईल. मला ते त्या भूमिकेशी सुसंगत वाटते. प्युरिफॉय पुढे १९८९ मध्ये मोहावीच्या वाळवंटात राहायला गेला आणि २००४ मध्ये मरेपर्यंत टाकाऊ वस्तूंची शिल्पे उघड्यावर उभी करीत राहिला. ऊन, वारा, वाळू त्यांना झिजवीत आहेत.

कोणी म्हणेल, प्युरिफॉय शिकलेला कलावंत होता. ज्यांना कलाशाळा माहीतच नाही त्यांचे काय? त्यांचेही उदाहरण आहे, आणि ते वाचताना मला माझ्या आईची वाकळ आठवली.

अलाबामात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तेथले बहुतेक लोक पेटवे नावाच्या मळेवाल्याच्या गुलामांचे वंशज. मालकाचे आडनावच त्यांना चिकटले. तेथल्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत. थंडी होती, कापड विकत घ्यायला पैसे नव्हते. १९४२ मध्ये मिझूरी पेटवे या स्त्रीचा नवरा वारला. तिने त्याचे शेतात वापरलेले कपडे घेतले, उसवले, आणि त्यांची गोधडी शिवली; त्याची आठवण अंगावर पांघरता यावी म्हणून. गुडघ्याजवळ विटलेला निळा रंग, खिसा काढल्यावर खाली राहिलेला गडद तुकडा, असे त्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्यांचे रंग असतात. रंग कोणी लावलेले नाहीत. उन्हाने, घामाने आणि धुण्याने ते झालेले आहेत.

२००२ मध्ये या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागल्या. समीक्षकांनी त्यांची तुलना अमूर्त चित्रकलेशी केली, २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांवर दहा तिकिटे काढली. हे सारे योग्यच झाले. पण अमूर्त चित्रांशी तुलना करताना एक गोष्ट निसटते. अमूर्त चित्रकाराने रंग निवडला होता. मिझूरीने नवरा गमावला होता. रचनेचे कौतुक करताना ती विटलेली गुडघ्याची जागा कोणाची हे विसरले, की आपण तिच्या गोधडीचा अर्धा भाग फाडून टाकतो. आणि कौतुकाने पोट भरते असेही नाही. २००७ मध्ये वस्तीतल्या काही स्त्रियांनी, आमच्या गोधड्यांच्या आणि नक्षीच्या मिळकतीतला वाटा आम्हांला मिळाला नाही, म्हणून न्यायालयात दावे लावले. पुढच्या वर्षी त्यांत तडजोड झाली. संग्रहालयाच्या भिंतीवर नाव लागल्यानंतरही त्यांना हिशेब मागावा लागला.

या उदाहरणांवरून मला तीन कसोट्या सुचतात. ही वस्तू कोणाच्या जगण्यातून आली? तिचे काय करायचे हा निर्णय कोणी घेतला? कलाकृती झाल्यावर नाव, दाम आणि मान यांतले काय त्या जगण्याकडे परत गेले? सिएरा पहिल्या कसोटीचे उत्तर शीर्षकात देतो आणि उरलेल्या दोन्हींत नापास होतो. प्युरिफॉय तिन्हींत उतरतो. जीज बेंडच्या स्त्रिया पहिल्या दोन्हींत उतरतात. तिसऱ्या कसोटीत त्या नव्हे, त्यांना भिंतीवर लावणारे जग अडखळते.

कलावादी मित्र येथे म्हणतील की, कलेत साहित्य गौण असते, आकार महत्त्वाचा. एकदा आकार आला की कातडे काय आणि कांस्य काय. हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा विजय तेंडुलकरांसारख्या लेखकालाही त्यातले शब्द अडले, आणि त्यांनी प्रस्तावनेत ते प्रामाणिकपणे मान्य केले. ते शब्द मराठीच होते. ज्या वस्तीत ते रोज बोलले जात तेथे कोणाला ते अडले नसते. त्या शब्दांऐवजी शुद्ध शब्द घालून 'आकार' तोच ठेवता आला असता काय? साहित्य गौण आहे असे तोच म्हणू शकतो, ज्याचे साहित्य कधी कोणी नाकारलेले नाही.

आता आपल्या घरात पाहू. दलित साहित्याचा विचार करताना आपण कवितेला आणि आत्मकथनाला जेवढी पाने दिली, त्याच्या शंभराव्या हिश्शाने चित्र-शिल्पाला दिली नाहीत. हा दोष माझाही आहे. वास्तविक काम झालेले आहे. पेशवाईतले गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू, ज्यांचा उल्लेख बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या भाषणात केला, ते सवी सावरकरांनी आपल्या चित्रांत माणसाच्या अंगावर उभे केले. प्रभाकर कांबळे यांनी मातीच्या मडक्यांची उतरंड शिल्पात आणली. २०२२ च्या बर्लिन बिएनालेतही त्यांचे काम होते. उतरंड आपल्या प्रत्येक घरात होती. सर्वांत मोठे मडके तळाशी, सारा भार त्याच्यावर, आणि ते हलले तर वरचे एकही शाबूत राहत नाही. जातिव्यवस्थेचे एवढे नेमके चित्र मला कुठल्या ग्रंथात सापडले नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी बैल आणि वळूंनाही लागू झाली आणि चामड्यावर जगणाऱ्या कारागिरांचे काम गेले. तेव्हा मुंबईत सुधीर राजभर यांनी 'चमार' याच नावाने स्टुडिओ काढून कारागिरांबरोबर टाकाऊ रबराच्या वस्तू घडविल्या. शिवी म्हणून वापरलेले नाव त्यांनी मालावर ठसविले.

मात्र येथे एक इशारा द्यावासा वाटतो. मडके आणि झाडू यांची आता खूण होऊ लागली आहे. प्रदर्शनात एक खराटा टांगला की वेदना सिद्ध झाली, असे समजणारे तरुण मला भेटतात. खराटा टांगण्यापूर्वी तो कोणी बांधला, कशाचा बांधला, किती दिवस टिकला, त्याने कोणाची कंबर वाकली, हे माहीत असले पाहिजे. ते माहीत नसेल तर आपणही सिएराच्याच वाटेने चाललो आहोत. फरक फक्त आडनावाचा. वर सांगितलेल्या तिन्ही कसोट्या आपल्या माणसांना आणि आपल्या उपक्रमांनाही तेवढ्याच कठोरपणे लावल्या पाहिजेत.

जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारण्यात आले. त्यानंतर काही दिवसांतच सुरेंद्रनगरच्या दलितांनी मेलेली जनावरे आणून जिल्हाधिकारी कचेरीपुढे टाकली. याला मी शिल्प म्हणणार नाही. त्याला कलादालनाचे नाव देणे म्हणजे त्याचा अपमान होईल. पण साहित्य कसे बोलते हे ज्याला शिकायचे असेल त्याने त्या दिवसाचा विचार करावा. वस्तू तीच होती, जी शतकानुशतके त्या हातांनी मुकाट्याने उचलली. त्या दिवशी त्यांनी ती उचलायचे नाकारले, आणि तिचा अर्थ साऱ्या देशाला कळला.

परवा तो विद्यार्थी पुन्हा आला होता. त्याने आजीकडून तिच्या वस्तूंची यादी लिहून घेतली आहे: पाटी, पत्रा, खराटा, डोक्यावरच्या चुंबळीचे फडके. प्रत्येक वस्तूपुढे ती कशी धरायची, कशी धुवायची, कधी टाकून द्यायची, हे आजीच्या शब्दांत आहे. खाली त्यांच्या गल्लीत ते काम केलेल्या बायकांची नावे आहेत, आडनावांसह. त्याचे पुढे काय करणार, असे मी विचारले. "आजी म्हणते, पाटी कुणाला दाखवू नको. नावं दाखव," तो म्हणाला.

हा निर्णय आजीचा आहे आणि तो पाळला पाहिजे. आपल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीत अशा याद्या करायला आजच बसावे, कारण त्या वस्तू हाताळलेली पिढी आता थकली आहे. पुढे कोणी त्यांतून चित्र करील, शिल्प करील, कविता करील. पण साहित्याबरोबर त्याचे हातही नोंदविले गेले असतील, तर पुढच्या वेळी कोणाला दालनात उभे राहून 'नाव कुठंय?' असे विचारावे लागणार नाही.